दस्तीखालचा सौदा

देवणी, रविवार सकाळ
(गोठ्यात बसून)

माझे मानाचे व्याही वसंतराव गुरुजी यांना देवणीच्या मलप्पाचा शरणार्थ, आणि विहीणबाई प्रेमलाताईंना हात जोडून नमस्कार. आपल्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, दिसायला लागलं आणि दिसल्याबरोबर आपण नर्सच्या वहीतल्या चुका काढल्या, हे सगळं जावईबापू यज्ञेशरावांकडून कळलं. थेंब वेळेवर घालता ना? चुलीपुढे बसू नका (आपल्याकडे गॅस आहे हे मला ठाऊक आहे, पण विचारपूस करायची तर पूर्ण करावी). आमच्याकडे घरधनीण शिवकांता खुशाल आहे, तिचे गुडघे आहेत तिथंच आहेत, गायी दूध देतात, आणि चांदणी नावाची आमची कालवड दिवसेंदिवस माझ्यापेक्षा जास्त शहाणी होत चाललीय. आपण अजून वाचू नये असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे हे पत्र प्रेमलाताई मोठ्यानं वाचून दाखवत असतील, म्हणून मी सांभाळून लिहितोय. फोन का केला नाही, असं विचाराल. माझ्या फोनवर पलीकडचं बोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, आणि आपली सूनबाई मंजू सध्या माझ्यापासून दोन हातांवर बसलेली असते. मागचं पत्र आपण लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं होतं, ते मी जपून ठेवलंय. हेही पाठवलंत तरी चालेल.

आता बातमी. ती मी क्रमानं सांगणार आहे, कारण शिवकांता म्हणते की मला आनंद झाला की मी शेवट आधी सांगून टाकतो. गुरुजी, आपल्या नातीनं, अक्षरानं, गोल केला! डाव्या हाताच्या अंगठ्याचं टोक शेजारच्या बोटाच्या टोकाला लावून असा सुरेख गोल केला, की डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली आणि मी दवाखान्यात, पेशंटच्या खाटेशेजारी, चपला घालून नाचलो! झालं, सांगून टाकलं. आता मागचं ऐका. नातीचा हात मुरगळलाय, एवढंच आपल्याला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. कोपराच्या वरचं हाड मोडलं होतं आणि त्याचं ऑपरेशन झालं. पण ज्या दिवशी ती लातूरला टेबलावर होती त्याच दिवशी आपण नांदेडला टेबलावर होता, आणि एकाची खबर दुसऱ्याला लागू द्यायची नाही असा जावईबापूंचा हुकूम होता. आज अठरा दिवस झाले. आता दोन्ही पेशंट उठून बसलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सुट्टीत नात आजोळी आली की तिला काय शिकवायचं, यावर आपलं आणि माझं कधी जमलं नाही. आपण तीसपर्यंतचे पाढे आपल्या सुंदर हस्ताक्षरात पाठवले होते. ते मी गोठ्याच्या भिंतीला लावले, त्यातले अकरा ते चौदा चांदणीनं खाल्ले. मग मी तिला माझी विद्या शिकवली. हाळीच्या जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं मी जिच्यावर संसार केला ती. दोन व्यापारी हातात हात देतात, वरून खांद्यावरचा रुमाल, म्हणजे दस्ती, टाकतात आणि आत बोटं दाबून भाव करतात. तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा, बघणाऱ्याला आत काय चाललंय याचा पत्ता नाही. आमचा घरचा बाजार बत्ताशांवर चालतो. एक बोट धरलं की एक बत्तासा, पंजा धरला की पाच. आणि गोल ही अक्षराची स्वतःची भर. गोल करून माझ्या तळहातावर टेकवला की त्याचा अर्थ 'काही नको, असंच घेऊन जा'. मी तिला समजावलं की बाई, असला भाव बाजारात नसतो. चाळीस वर्षांत मला कुणी केला नाही आणि मीही कुणाला केला नाही. तर म्हणाली, "मग तुमचा बाजार अपुरा हाय, आजोबा." (हे 'हाय' तिनं इथं आल्यावर उचललं. नांदेडला आल्यावर जाईल, आपण मनाला लावून घेऊ नका.)

त्या सकाळी सौदा चांदणीचाच चालला होता. बाजाराच्या रीतीप्रमाणे दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, पण पोरीची उंची माझ्या कमरेएवढी, म्हणून मी तिला गव्हाणीच्या कठड्यावर उभी केली (ती उभी राहिली, असं वाचावं). भाव सात बत्ताशांवर अडला होता. चांदणीनं माशी हाकलायला मान झटकली, पोरीचा पाय सटकला आणि ती डावा हात पुढे करून खाली आली. हाड मोडल्याचा आवाज मी जनावरांत पुष्कळदा ऐकलाय, गुरुजी. पण लेकराच्या हाडाचा पहिल्यांदाच ऐकला. कोपर भलतीकडेच गेलं होतं आणि पोरगी रडतसुद्धा नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात आमचा शेजारी भागवत आला. वासरांच्या मोडक्या पायाला कामट्या बांधण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. त्यानं बांबूच्या कामट्या लावल्या आणि वरून फडकं असं आवळलं की विचारू नका. मी सारखं म्हणत होतो, बाबा रे, जरा ढिलं ठेव, हे लेकरू आहे. पण तो कुठला ऐकायला! अडाणी माणूस, गुरुजी, अगदी अडाणी. हातात फडकं आलं की त्याला माणूस आणि वासरू यातला फरक कळत नाही. असल्या माणसाला शेजारी म्हणायची मला लाज वाटते.

शिवकांता मठात गेली होती, ती आली तेव्हा मी पोरीला घेऊन पिकअपमध्ये बसलेलो. जनावरं नेतात तीच पिकअप, दुसरी गाडी मिळेना. हाताचं ते गाठोडं बघून तिचा पहिला प्रश्न, "कुणी बांधलं हे?" मी सांगितलं, भागवतनं. उदगीर येईपर्यंत ती भागवतच्या सात पिढ्यांबद्दल बोलत होती आणि मी ड्रायव्हरला रस्ता दाखवत होतो (रस्ता सरळ आहे). उदगीरच्या चौकात तिनं पोरीची बोटं हातात घेतली आणि ओरडलीच, "आवो, बोटं निळी पडून राहिली की लेकराची! गार लागून राहिली!" मी म्हटलं, राहू दे, सोडलं तर हाड हलेल. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दातांनी गाठ सोडली, फडकं उकललं, कामट्या खिडकीतून फेकल्या आणि हात आपल्या पदराच्या झोळीत घेऊन लातूरपर्यंत जराही न हलता बसली. बोटांवर हळूहळू लाली आली. बत्तीस वर्षांपूर्वी बघायला गेलो तेव्हा मी हिच्यापेक्षा हिच्या वडिलांचे बैल जास्त वेळ बघितले होते, ही चूक त्या दिवशी कळली.

लातूरला हाडांच्या दवाखान्यात डॉ. महानंदा म्हणून बाई आहेत. वय पस्तिशीचं, उंची आपल्या प्रेमलाताईंएवढी, आणि रागावताना बोट वर करायची ढब हुबेहूब आपली. (आपल्या हाताखालून गेलेली विद्यार्थिनी असावी असा मला दाट संशय आहे. विचारायचं धाडस झालं नाही.) दंडावरचे आवळल्याचे वळ बघून त्या म्हणाल्या, "जनावराला बांधल्यासारखं कुणी बांधलं होतं हे? अजून तासभर राहिलं असतं तर हात वाचला नसता." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं की आमच्याकडे भागवत नावाचा एक इसम आहे. मग त्यांनी फोटो काढला आणि केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून मला समजावलं. लहान मुलांचं हाड कोपराच्या जरा वर फार पातळ असतं. मूल हात टेकून पडलं की नेमकं तिथं मोडतं. अक्षराचं खालचं टोक पार मागे सरकलं होतं, नुसत्या प्लास्टरनं ते जागेवर राहिलं नसतं. भूल देऊन बाहेरूनच बसवायचं आणि कातडीतून दोन बारीक तारा घालून अडकवून ठेवायचं, चिरफाड काही नाही. पुढच्या बाजूनं रक्ताची नळी आणि नसा जातात, तिथं जपायचं. मी सगळं नीट ऐकलं आणि विचारलं की तारा गंजत तर नाहीत ना. त्यांनी उत्तर दिलं, पण कपाळाला हात लावून.

ऑपरेशन लगेच करायचं ठरलं, आणि तिथं पुन्हा माझ्यामुळे घोळ झाला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून पोटात काय गेलंय? शिवकांता म्हणाली, पाण्याचा थेंब न्हाई. अक्षरा खरं बोलणारी मुलगी (हे आपल्या घराण्याकडून आलं). ती म्हणाली, "अकरा बत्तासे." प्रत्येक खड्ड्याला मी हळूच तिच्या तोंडात एक बत्तासा घालत होतो, रडू नये म्हणून. उदगीर-लातूर रस्त्यावर खड्डे किती आहेत हे आता दवाखान्याच्या दप्तरी नोंदलेलं आहे. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी छातीत जाते म्हणे, आणि बोटांत रक्त नीट येत होतं म्हणून संध्याकाळी पाचपर्यंत थांबायचं ठरलं. दर अर्ध्या तासानं सिंधु सिस्टर येऊन मनगटाची नाडी बघून जायच्या आणि जाता जाता माझ्या खिशाकडे बघायच्या. दुपारी नांदेडहून मंजू आणि जावईबापू पोचले. मंजूनं पोरीला बघितलं, मला बघितलं आणि विचारलं, "कुणी बांधलं होतं?" तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं, तेव्हा ते मला पाठ झालं होतं.

आत त्यांच्याकडे एक यंत्र आहे, त्यात हात धरला की पडद्यावर हाड दिसतं. बघत बघत ओढायचं, बसवायचं आणि तार घालायची. चाळीस मिनिटांत काम! हे मला दाराच्या फटीतून थोडंफार दिसलं. बाकीचं दिसलं नाही, कारण सिंधु सिस्टरनी माझा फेटा धरून मला मागे ओढलं. नंतर डॉक्टरीणबाईंनी आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो दाखवले. वसंतराव, काय बसवलंय हाड! ते कुठं मोडलं होतं हे शोधून सापडेना! मी इतका हरखलो की हे यंत्र बैलांसाठी मिळतं का असं विचारून बसलो, आणि मंजू खोलीबाहेर निघून गेली. तारांची टोकं कातडीबाहेर वाकवून ठेवलीत, वरून अर्धं प्लास्टर, बोटं तेवढी मोकळी. येत्या गुरुवारी त्या तारा काढायच्या आहेत. त्याला भूल लागत नाही, चिमट्यानं ओढल्या की आल्या. अक्षराला त्या तारा डबीत घालून शाळेत न्यायच्या आहेत.

पण खरी काळजी पुढेच होती. हाड बसलं, नाडी चांगली, बोटं उबदार, पण बोटं हलवायची म्हटलं की पोरगी हलवेना. डॉक्टरीणबाई रोज येऊन म्हणायच्या, अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करून दाखव. तो गोल करणारी नस नेमकी त्या मोडलेल्या जागेपुढून जाते. गोल झाला तर नस शाबूत. नाही झाला तर हाडाच्या टोकानं दबली असेल, नाहीतर त्या आवळण्यानं. बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप सुधारते, पण नाहीच सुधारली तर पुन्हा आत जाऊन बघावं लागेल, आणि तरीही बोटं पहिल्यासारखी होतीलच असं सांगता येणार नाही. एक दिवस गेला, दोन गेले. मंजूनं लाडीगोडी केली, जावईबापूंनी मोबाइल दाखवला, सिंधु सिस्टरनी गोष्ट सांगितली. अक्षरा तोंड फिरवून भिंतीकडे बघायची. हलत नाहीत की हलवत नाही, हे कुणालाच कळेना. गुरुजी, ज्या बोटांना मी भाव शिकवला तीच बोटं उशीवर नुसती पडून होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या, चेहरा गंभीर. मी पुढे झालो, खांद्यावरची दस्ती काढली आणि अलगद तिच्या हातावर टाकली. आत माझा हात घातला. वाकून तिच्या कानात सौदा सांगितला: चांदणी कितीला देणार? आणि तोंडानं डॉक्टरीणबाईंशी पाऊसपाण्याच्या गप्पा सुरू केल्या, म्हटलं यंदा मृग कसा काय वाटतो. त्या बिचाऱ्या बघतच राहिल्या. दस्तीखाली काही हालचाल नाही. मी एक बोट पुढे केलं. नाही. दोन केली. नाही. पंजा दिला. तेव्हा पोरीनं भिंतीकडचं तोंड वळवलं आणि माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. मग माझ्या तळहातावर मुंगी चालल्यासारखं काहीतरी झालं. अंगठा सरकला. बोट सरकलं. आणि दोन्हींचा मिळून गोल माझ्या तळव्यावर टेकला! मी झटक्यात दस्ती ओढली आणि सगळ्यांनी बघितला, अजून तसाच धरलेला, डॉक्टरीणबाईंना हवा होता अगदी तसा गोल! पुढं मी काय केलं ते वर सांगितलंच आहे. फुकटात कालवड देऊन टाकणारी ही असली व्यापारी आमच्या खानदानात निघाली म्हणून सगळे हसले. मंजू हसता हसता रडली, आणि शिवकांतानं सिंधु सिस्टरना मिठी मारली.

आता पोरगी पाची बोटं झकास हलवते आणि प्लास्टर दाखवून गल्लीत सगळ्यांवर हुकूम सोडते. भागवत परवा आंबे घेऊन तिला बघायला आला, तर मंजूनं त्याला अंगणातच फैलावर घेतलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि आंबे पायरीवर ठेवून गेला. चला, पत्र लांबलं. डोळ्याला जपा, प्रेमलाताईंच्या घशाला पाणी द्या, आणि आमच्यावरचा लोभ आहे तसाच राहू द्या.

आपला,
मलप्पा

ता. क. हे पत्र घेऊन भागवतच येतोय. त्याला नांदेडला काम आहे आणि पोस्टापेक्षा तो लवकर पोचतो. त्याला चहा द्यावा, पण पाकीट फोडल्यावर हे पत्र त्याच्या हाती पडू देऊ नये, कारण त्यात त्याच्याबद्दल थोडं आहे.

आणखी एक. इथून पुढचं प्रेमलाताईंनी मोठ्यानं वाचू नये. कागद वसंतरावांच्या हातात द्यावा. एका डोळ्यानं वाचता येईल इतकं ठळक लिहितोय.

गुरुजी, त्या दिवशी भागवत देगलूरला बहिणीकडे होता. ते फडकं मी बांधलं. शिवकांतानं विचारलं तेव्हा तिच्या भीतीनं पहिलं नाव सुचलं ते तोंडातून गेलं, आणि मग ते मागे घेता येईना. मंजू त्याला बोलत होती तेव्हा त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं. मी आंब्यांकडे बघत होतो.

आणि दुसरं. दवाखान्यात मी पोरीच्या कानात चांदणीचा सौदा सांगितलाच नव्हता. मला वाटलं, ही बोटं आता हलणार नाहीत, आणि ती माझ्या गाठीनं गेली. ती सगळं जाणत होती, तिच्यासमोरच तर बांधलं होतं. तरी तीन दिवसांत आईला एका शब्दानं बोलली नव्हती. म्हणून मी विचारलं, "आजोबांनी बांधलं, हे आईला सांगणार नाहीस ना? न सांगायचे किती बत्तासे?" मी एक दिला, दोन दिले, पाच दिले. त्यावर तिनं गोल केला.

तेव्हापासून बत्तासा बघवत नाही. तर मुद्द्याची गोष्ट अशी, की गुरुवारी तारा काढायला आपण लातूरला यावं आणि मंजूला हे आपल्या तोंडानं सांगावं. ती आपलं ऐकते. मी तिच्या समोर बसेन, आणि भागवतलाही बोलावून घेईन. एवढ्या कामाचं आपण काय घ्याल ते उत्तरी कळवा. काय वाटेल तो भाव करा, मी घासाघीस करणार नाही. फक्त कागदावर गोल काढून पाठवू नका. फुकटचं मला आता पेलवत नाही.